पेवातली हवा आणि रेणूंची मोजदाद

रब्बीची ज्वारी खळ्यावरून घरी आली, की ढोकी, तेर, मुरूड, बार्शी या टापूतल्या शेतकऱ्यापुढे पूर्वी एक प्रश्न हमखास उभा राही. एवढे धान्य ठेवायचे कोठे? घरात कणगी असे, मोठ्या वाड्यात बळद असे. पण वर्षा-दोन वर्षांची बेगमी करायची, तर जमिनीच्या पोटाचाच आसरा घ्यावा लागे. गावठाणाच्या पांढरीत, जिथे माती घट्ट आणि ओल कमी, तिथे पेव खणीत. तोंड अरुंद, एक माणूस जेमतेम उतरेल एवढे. पोट मात्र रांजणासारखे फुगीर. तळाला आणि कडेला भुसा नाही तर कडबा अंथरायचा, वर धान्य ओतायचे, तोंडावर शिळा ठेवायची आणि ती मातीने लिंपून टाकायची. आत कीड नाही, उंदीर नाही, चोराची भीती नाही. पुढे वखारी आल्या, पत्र्याच्या कोठ्या आल्या आणि पेवे मागे पडली. तरी शब्द भाषेत राहून गेला. एखाद्या गोष्टीचा एकाएकी सुकाळ झाला, की आपण आजही म्हणतो, पेव फुटले.

या पेवाचा एक नियम होता. शिळा काढली, की लगेच आत उतरायचे नाही. तोंड बराच वेळ उघडे ठेवायचे आणि मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील तेवत राहिला, तर माणूस उतरेल. विझला, तर जाणती माणसे तरण्या पोराला हटकीत, "कंदील इझला न्हवं? मग पाय मागं घे." ज्यांनी हा नियम मोडला, त्यांतले कित्येक वर आलेच नाहीत. एक खाली कोसळला म्हणून त्याला काढायला दुसरा धावला आणि तोही त्याच्याच शेजारी पडला, अशी ही मृत्यूची जोडसाखळी असते.

वाचकहो, आजचा विषय या कंदिलाचाच आहे. पेवात शिरलेले ते मारक काय, ते किती, आणि जे डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, ते मोजायचे कसे? तुम्ही म्हणाल, हवा का कोणी मोजतो? पण मोजता येते. नुसती मापाने नव्हे, तर तिच्यातल्या एकेका रेणूची मोजदाद करता येते. ही विद्या माणसाच्या हाती यायला दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला. ती कशी आली ते पाहू, आणि मग तीच घेऊन पुन्हा पेवाच्या तोंडाशी जाऊ.

प्रथम त्या वायूची ओळख करून घेऊ. स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक याने १७५६ साली चुनखडीवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. चुनखडी भाजली, की तिच्यातून एक वायू सुटतो आणि त्या वायूत जळती मेणबत्ती धरली तर ती विझते, असे त्याला आढळले. तोच हा कार्बन डायऑक्साइड. आपण सोयीसाठी त्याला कर्बवायू म्हणू. पुढे १७८० नंतर फ्रान्समध्ये लाव्हॉझिए आणि लाप्लास यांनी दाखवून दिले, की प्राण्याचे श्वसन हे एक प्रकारचे सावकाश जळणेच आहे. प्राणवायू आत जातो, कर्बवायू बाहेर येतो आणि थोडी उष्णता निघते. आता दाणाही सजीव आहे बरे का! पेवातली ज्वारी निजलेली असते, मेलेली नसते. तीही हलकेच श्वास घेते. तिच्यातल्या पिष्टाचा कण न् कण सावकाश जळतो, पेवातला प्राणवायू संपत जातो आणि त्याच्या जागी कर्बवायू साठत जातो. धान्याला ओल लागलेली असली, की हे काम झपाट्याने होते.

इथवर ठीक. पण जळाले किती आणि वायू झाला किती, याचा हिशेब रेणू मोजल्याशिवाय लागत नाही.

तेरचे गोरोबाकाका आपल्याला परके नाहीत. ढोकीच्या शेजारचेच ते गाव. संतमंडळी जमली असता गोरोबांनी हातात थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर मारून कोणते मडके पक्के, कोणते कच्चे ते सांगितले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कथेतला परमार्थ बाजूला ठेवला, तरी कुंभाराची युक्ती शिल्लक राहते. मडके फोडून पाहायचे नाही. बाहेरच्या खुणेवरून आतले ओळखायचे. रेणू मोजणाऱ्यांनी अगदी हेच केले. रेणू कोणी चिमटीत धरून मोजले नाहीत. वजन, आकारमान, उष्णता आणि दाब या बाहेरच्या खुणांवरून आतली संख्या काढली.

तोच धागा धरून १८०८ साली फ्रान्सचा गे-ल्युसाक पुढे आला. वायू एकमेकांशी संयोग पावतात, तेव्हा त्यांच्या आकारमानांचे प्रमाण अगदी सोपे असते, असे त्याला दिसले. हायड्रोजनची दोन मापे आणि प्राणवायूचे एक माप घ्या. वाफेची बरोबर दोन मापे होतात. पावणेदोन नाही, सव्वादोन नाही. असे का व्हावे?

त्याचे उत्तर तीन वर्षांनी, १८११ साली, इटलीतील तुरिन शहराच्या आमेदेओ आव्होगाद्रो याने दिले. हा गृहस्थ मूळचा कायद्याचा पदवीधर. त्याने म्हटले, उष्णतामान सारखे आणि दाब सारखा असेल, तर कोणत्याही वायूच्या सारख्या मापात रेणूंची संख्या सारखीच असते.

हे म्हणणे किती धाडसाचे आहे, ते आपल्या पायलीवरून बघा. एक पायली ज्वारी घेतली आणि एक पायली तूर घेतली, तर दाण्यांची संख्या सारखी भरेल काय? मुळीच नाही. तुरीचा दाणा मोठा, म्हणून पायलीत कमी मावणार. पण वायूंची पायली निराळी आहे. तिच्यात हलका हायड्रोजन भरा, जड कर्बवायू भरा, नाही तर नुसती हवा भरा, दाणे तितकेच! कारण वायूत रेणू एकमेकांना चिकटून बसलेले नसतात. दोघांच्या मध्ये रेणूच्या मानाने इतकी मोकळी जागा असते, की रेणू लहान का मोठा याला महत्त्वच उरत नाही.

आव्होगाद्रोने आणखीही एक गोष्ट ताडली. एका मापातल्या प्राणवायूपासून दोन मापे वाफ व्हायची, तर प्राणवायूच्या प्रत्येक रेणूचे दोन तुकडे झाले पाहिजेत. म्हणजे प्राणवायूचा रेणू एकटा नाही, दोन अणूंची ती जोडी आहे. हे त्या काळच्या थोरांना पटले नाही. अणुवादाचा पुरस्कर्ता डाल्टन याला एकाच जातीचे दोन अणू एकमेकांना धरून राहतील, ही कल्पनाच मान्य नव्हती. आव्होगाद्रोचा निबंध कपाटात पडून राहिला आणि १८५६ साली तो स्वतः निवर्तला.

दरम्यान रसायनशास्त्रात मोठाच गोंधळ माजला होता. पाण्यात हायड्रोजनचा एक अणू की दोन, यावर एकमत नव्हते. प्रत्येकाचे वजनाचे कोष्टक वेगळे. जणू प्रत्येक पेठेचा शेर निराळा! अखेर सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूए या गावी रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. सिसिलीचा स्तानिस्लाव कानिझ्झारो तेथे आव्होगाद्रोची बाजू घेऊन उभा राहिला आणि परिषद संपताना त्याची एक छोटी पुस्तिका प्रतिनिधींना वाटण्यात आली. ती वाचून अनेकांची मने फिरली. रशियाचा तरुण मेंडेलीव्ह त्या परिषदेत हजर होता. मूलद्रव्यांचे त्याचे सुप्रसिद्ध कोष्टक १८६९ साली निघाले, ते या एकमताच्या पायावर.

आता वजनावरून संख्या काढण्याची खुबी ध्यानात येईल. समजा, ज्वारीच्या हजार दाण्यांचे वजन ३० ग्रॅम भरते आणि तुरीच्या हजार दाण्यांचे १०० ग्रॅम. मग ३० किलो ज्वारी आणि १०० किलो तूर यांत दाणे सारखेच, दहा दहा लाख. एकही दाणा न मोजता तागडीने संख्या सांगितली! रेणूंचेही असेच. कार्बनचा अणू १२ धरला, तर प्राणवायूचा अणू १६ भरतो. प्राणवायूच्या रेणूत दोन अणू, म्हणून तो ३२. कर्बवायूत एक कार्बन आणि दोन प्राणवायूचे अणू, म्हणून तो ४४. तेव्हा ३२ ग्रॅम प्राणवायू आणि ४४ ग्रॅम कर्बवायू यांत रेणूंची संख्या तंतोतंत सारखी असली पाहिजे. एवढ्या संख्येच्या राशीला शास्त्रज्ञ 'एक मोल' म्हणतात. बारा नगांचा डझन, वीस नगांची कोडी, तसा रेणूंचा मोल. रेणूचे पाश्चात्त्य नाव ज्या लॅटिन शब्दावरून आले, त्याचा अर्थ ढीग असा आहे. म्हणजे आपली खळ्यावरची रासच म्हणा ना!

पण या राशीत दाणे किती? ही संख्या १८६० साली कोणालाच ठाऊक नव्हती. डझन म्हणजे किती हे माहीत नसताना डझनावर व्यापार चालावा, तशी ही अवस्था. पहिला अंदाज १८६५ साली व्हिएन्नाच्या योझेफ लोश्मिटने केला. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले, तेही याच वर्षी. वायूतला रेणू दुसऱ्यावर आदळण्याआधी किती अंतर जातो, आणि वायूचा द्रव झाला की तो किती आटतो, या दोन गोष्टींची सांगड घालून लोश्मिटने रेणूचा आकार काढला. त्याचे उत्तर सुमारे तिपटीने मोठे आले. पण अदृश्याच्या पहिल्याच मापात तिपटीचा फरक म्हणजे नेम जवळजवळ साधलाच म्हणायचा. आकार कळला, की दिलेल्या मापात रेणू किती तेही कळते.

मोल हा शब्द पुढे १८९० नंतरच्या दशकात जर्मनीच्या विल्हेल्म ओस्टवाल्डने रूढ केला. मौज अशी, की या ओस्टवाल्डचा अणूंवर विश्वासच नव्हता! अणू ही नुसती हिशेबाची सोय आहे, असे तो म्हणे. त्याचे मत बदलले ते फ्रान्सच्या जाँ पेरँच्या प्रयोगांमुळे. आइनस्टाइनने १९०५ साली असे गणित मांडले होते, की पाण्यात तरंगणारे बारीक कण जे अखंड थरथरतात, ते पाण्याच्या रेणूंचे धक्के खाऊन. पेरँने १९०८ च्या सुमारास ते पडताळून पाहिले. त्याने एका झाडाचा पिवळा डिंक घेतला. कोकणातल्या आपल्या कोकमाच्या जातकुळीतलेच ते झाड. त्या डिंकाच्या सारख्या आकाराच्या बारीक गोळ्या पाण्यात सोडून त्याने सूक्ष्मदर्शकातून निरनिराळ्या उंचीवरच्या गोळ्या मोजल्या. डोंगर चढू लागलो, की हवा विरळ होते. साडेपाच किलोमीटरांच्या आसपास तिचा दाब निम्म्यावर येतो. पेरँच्या थेंबातही वर वर गोळ्या विरळ होत होत्या. फक्त तिथे दाटी निम्मी व्हायला केसाच्या जाडीपेक्षाही कमी उंची पुरे होती. दोन्हींकडे नियम एकच. गोळीचे वजन माहीत, म्हणून त्यावरून रेणूचे वजन निघाले आणि मोलातली संख्याही निघाली. ती सुमारे ७ वर तेवीस शून्ये इतकी आली. या संख्येला आव्होगाद्रोचे नाव पेरँनेच १९०९ साली दिले. निबंध लिहून झाल्यावर अठ्ठ्याण्णव वर्षांनी! पेरँला १९२६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आज ही संख्या मोजून काढण्याची गरज राहिलेली नाही. ती ठरवूनच टाकली आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये फ्रान्समधील व्हर्साय येथे जगातल्या राष्ट्रांनी तसा ठराव केला आणि २० मे २०१९ पासून तो अमलात आला. एक मोल म्हणजे ६०,२२,१४,०७६ वर पंधरा शून्ये, इतके रेणू. कमी नाही, जास्त नाही.

ही संख्या डोळ्यांपुढे आणायची, तर पुन्हा ज्वारीकडेच यावे. एक मोल रेणूंऐवजी एक मोल ज्वारीचे दाणे आहेत, असे समजा. ते साऱ्या महाराष्ट्रावर, चांद्यापासून बांद्यापर्यंत, सारखे पसरले, तर रास किती उंच होईल? आडाख्याने हिशेब केला, तर सुमारे पाऊणशे किलोमीटर! कळसूबाईचे शिखर दीड किलोमीटरच्या थोडे वर आहे, हे लक्षात घ्या. आणि कर्बवायूचे तेवढेच रेणू तागडीत घातले, तर वजन भरते ४४ ग्रॅम. रेणू किती बारीक, ते यावरून कळावे.

हे ज्ञान आपल्या भागात कोणत्या भाषेतून आले, तेही सांगण्यासारखे आहे. कोल्हापुरात बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७ ते १९०६) यांनी एकोणिसाव्या शतकातच रसायनशास्त्र मराठीत लिहिले. धाराशिवचा मुलूख मात्र तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तिथे १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शास्त्रविषयही उर्दूतून शिकवीत. भाषा कोणतीही असो. ४४ ग्रॅम कर्बवायूत रेणू तितकेच!

चला, आता कंदील घेऊन पेवाच्या तोंडाशी.

वायूचा एक मोल किती जागा घेतो? समुद्रसपाटीच्या दाबाला आणि बर्फाच्या उष्णतामानाला २२.४ लिटर. उष्णता वाढली की वायू पसरतो. २७ अंशांना ही जागा २४.६ लिटर होते. बालाघाटच्या पठारावर हवेचा दाब मुंबईपेक्षा कमी, म्हणून तिथे ती आणखी थोडी वाढेल. आपण तोंडी हिशेबाला २५ लिटर धरू. म्हणजे एका घनमीटरात, लांबी-रुंदी-उंची एकेक मीटर अशा जागेत, ४० मोल हवा मावते. रेणूंच्या संख्येत सांगायचे, तर सुमारे २४ वर चोवीस शून्ये. या ४० मोलांत शेकडा २१, म्हणजे ८.४ मोल प्राणवायू असतो. बाकी बहुतेक सगळा नत्रवायू. तो या भानगडीत पडत नाही.

ज्वारीचा मोठा हिस्सा पिष्टाचा. पिष्टाचा एक घटक म्हणजे १६२ ग्रॅमचा मोल. तो पुरता जळायला प्राणवायूचे सहा मोल लागतात आणि कर्बवायूचे सहा मोल तयार होतात. पाणी होते ते दाण्यात आणि भिंतीत मुरते. इथे एक बारकावा पाहा. प्राणवायूचा एक रेणू गेला आणि कर्बवायूचा एकच रेणू त्याच्या जागी आला. आव्होगाद्रोच्या नियमाप्रमाणे सारख्या संख्येला सारखी जागा. तेव्हा पेवातला दाब वाढत नाही आणि घटतही नाही. शिळा उचलली जात नाही, लिंपण तडकत नाही, फुस्स असा आवाजही होत नाही. शिवाय कर्बवायूला रंग नाही, वास नाही. आतली सारी हवा पालटली, तरी पेव बाहेरून जसेच्या तसे. ते विश्वासघातकी ठरते ते यामुळेच.

आता एका घनमीटर हवेमागे किती ज्वारी जळाली, तर काय होईल ते पाहू.

मूठभर ज्वारी, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम, श्वसनात खर्ची पडली असे धरा. तिचा कर्बवायू होतो जवळजवळ पावणेदोन-दोन मोल. तो हवेत शेकडा साडेचार झाला आणि प्राणवायू २१ वरून साडेसोळांच्या खाली आला. कंदिलाची वात साधारण याच सुमाराला दम सोडते. माणूस अजून उभा राहील, पण त्याला धाप लागेल आणि डोके ठणकू लागेल.

अदपाव ज्वारी, म्हणजे सुमारे ११० ग्रॅम, गेली तर कर्बवायू होतो ४ मोल. म्हणजे शेकडा १० आणि प्राणवायू उरतो जेमतेम ११. इतक्या कर्बवायूत धडधाकट माणूसही काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. ओरडायलाही उसंत मिळत नाही.

आणि पावशेर? जुन्या शेराचा पाव, सुमारे २३० ग्रॅम, संपला तर घनमीटरातला सगळाच्या सगळा प्राणवायू संपला.

मूठ, अदपाव आणि पावशेर, एवढ्यात जगणे-मरणे आले. दाण्यांच्या फटींतही हवा असते. तीही हिशेबात घेतली, तर ज्वारी दुप्पट लागेल इतकेच. वीस पोत्यांच्या पेवात पावशेर घटला, हे कोणत्या तागडीला कळणार? एका पोत्यातच सुमारे तेहेतीस लाख दाणे! धान्याला ही तूट जाणवतही नाही, उलट तिचा फायदाच होतो. प्राणवायू संपला, की किडे गुदमरून मरतात आणि ज्वारी टिकते. दाण्याला जे राखते, तेच माणसाला मारते.

कोणी तात्या विचारतील, "अहो, पण आमच्या आज्याला हे मोल-बिल कुठं ठाऊक होतं?" तात्या, ठाऊक नव्हते खरे. पण त्यांचा कंदील मोजत होता. माणूस अदपावाला पडतो आणि कंदील मुठीलाच विझतो. म्हणून कंदील आधी इशारा देतो. कित्येक पिढ्यांनी किंमत मोजून शिकलेल्या त्या नियमाला रेणूंच्या मोजदादीने कारण मिळवून दिले. तोंड उघडे ठेवण्याचेही तसेच. कर्बवायूचा मोल ४४ ग्रॅम, हवेचा सुमारे २९. म्हणजे तो हवेच्या दीडपट जड. खड्ड्यात बसला, की आपण होऊन लवकर निघत नाही. त्याला वेळ द्यावा लागतो, वारा घालावा लागतो.

वाचकहो, नियमाला कारण मिळाले, की त्याची मर्यादाही कळते, आणि आज तीच कळणे जास्त गरजेचे आहे. पेवे बहुतेक बुजली. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवे नावाजलेली होती. त्यांतली कित्येक २००५ च्या महापुरात गेली. पण खड्डे बुजले नाहीत, त्यांची नावे बदलली. ढोकीच्या माळावर तेरणा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. अशा कारखान्यांबरोबर मळीच्या टाक्या आल्या. टाकीच्या तळाशी राहिलेल्या मळीत पाणी शिरले, की ती आंबू लागते. आंबताना प्राणवायूची गरजच नसते. एक किलो साखर पुरती आंबली, तर सुमारे बारा मोल, म्हणजे २९० लिटर कर्बवायू सुटतो. दीड पिंप वायू एका किलोतून! बंद टाकीत सफाईला उतरणाऱ्याने हा आकडा ध्यानात ठेवावा.

गोबरगॅसचा खड्डा आणखी वेगळा. तिथला मुख्य वायू मिथेन, मोलाला १६ ग्रॅमचा, आणि तो पेट घेतो. तिथे कंदील नेणे म्हणजे दारूच्या कोठारात काडी ओढणे. पेवाचा नियम तिथे लावला, तर तोच घात करील.

आणि सर्वांत वाईट ते मैल्याच्या टाकीतले आणि गटारातले. तिथे कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याचा मोल ३४ ग्रॅमचा. हवेच्या दहा लाख रेणूंत त्याचे पाचशे ते हजार रेणू झाले, की माणूस पाहता पाहता कोसळतो. घनमीटरामागे हे किती झाले? आपल्या ४० मोलांच्या हिशेबाने एक ग्रॅमच्या आसपास. मूठ नाही, अदपाव नाही, नुसती चिमूट! एवढ्याने प्राणवायू काही कमी होत नाही. तेव्हा कंदील सुखाने तेवत राहील आणि माणूस मरेल. वासावरही विसंबता येत नाही, कारण वायू वाढला, की नाक बधिर होते आणि वास गेला असे वाटते. म्हणूनच संरक्षणाच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी केली आहे. तरीही अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. त्यात मरणारा बहुधा गरीब असतो, पाठोपाठ मदतीला उतरून मरणारा त्याचा भाऊ नाही तर सोबती असतो, आणि वर उभा राहून "उतर रे, काही होत नाही" म्हणणारा सुखरूप असतो.

'काही होत नाही' हे वाक्य न मोजता बोललेले असते. खोल विहीर असो, टाकी असो, खड्डा असो. आधी झाकण काढून पुष्कळ वेळ मोकळे ठेवा, पंख्याने हवा खेळवा. आज रेणूंचे प्रमाण सांगणारी हातात मावेल अशी यंत्रे मिळतात. दहा लाखांत किती, ते ती आकड्यात दाखवतात. ती असल्याशिवाय मैल्याच्या टाकीत कोणालाही उतरवू नका. कोणी आत पडलाच, तर त्याच्यामागे उडी घालू नका. बाहेरून हवा सोडा, कमरेला दोरी असेल तर ओढा, अग्निशमन दलाला बोलवा.

तुरिनच्या त्या कायदेपंडिताने १८११ साली सारख्या मापात सारखे रेणू असे म्हटले, तेव्हा ते एक कोरडे अनुमान होते. त्याला संख्या मिळायला शंभर वर्षे लागली आणि ती संख्या कायम व्हायला दोनशेवर. पण ज्या गावात जमिनीच्या पोटात धान्य ठेवीत, त्या गावाला तिचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. रेणू मोजता येतात; आणि जे मोजता येते, त्याच्यावर माणसाचा जीव नशिबाच्या हवाली करून सोडण्याचे कारण उरत नाही.